काशा

नर्सरीवाल्याने ट्रेमधली गवताची एक लादी उचलून माझ्या हातावर ठेवली. "सिलेक्शन नंबर वन, ताई. ऊन कितीही असू द्या, याला काही होत नाही." मी ती लादी उलटी केली. खाली पांढऱ्या, पेरापेराच्या मुळ्या, टोकं सुईसारखी.

"अहो, ही तर हरळी!"

"हरळीच की," तो जराही न ओशाळता म्हणाला. "पण निवडक. पान बघा किती बारीक. फुटावर भाव आहे."

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी-उरुळीच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांग लागते. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं तिथे आमच्या अंगणासाठी गवत निवडायला गेलो होतो. नवरा पलीकडच्या रांगेत मेक्सिकन गवतावरून मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होता. आणि मी हातात हरळी घेऊन उभी. माण तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, आणि मला कोणीतरी हरळी विकत होतं, तीही फुटावर. मी लादी परत ठेवली. जरा जोरातच ठेवली असावी, कारण त्याने तिच्यावर पाणी शिंपडलं.

ज्यांच्या घरी शेती नव्हती त्यांना हे सांगायला हवं. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी आंबे-बिंबे नव्हते, काशा होत्या. जमीन नांगरून ढेकळं उन्हात तापायला टाकलेली असायची, आणि त्या ढेकळांतून हरळीच्या जमिनीखालच्या मुळ्या, म्हणजे काशा, वेचून पाटीत भरायच्या. आजोबा एका पाटीला दहा पैसे द्यायचे. पाटी दाबून भरली की नाही ते स्वतः हात घालून बघायचे. काशी दिसते सुतळीसारखी, पण टोक असं टणक की रताळ्यातून आरपार गेलेली मी पाहिली आहे. ती ओढली की पेरावर तुटते, आणि मातीत राहिलेलं एक पेर पावसाला पुन्हा हजर. बांधावर काशांचे ढीग लागायचे, चांगले वाळले की पेटवायचे. आजोबा त्या जाळाकडे ज्या समाधानाने बघायचे, ते समाधान मी होळीलाही त्यांच्या तोंडावर पाहिलं नाही. पुढच्या वर्षी हरळी असायचीच.

नंतर उत्सुकतेपोटी शोधलं तेव्हा कळलं की अमेरिकेत हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. बर्म्युडाचं ते मूळ नव्हेच, गवत आपल्या बाजूच्या जगातलं. जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथे ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हरळीच्या सुधारित जाती काढल्या. १९६० मध्ये आलेली 'टिफवे' त्यांचीच. जगभरची खेळाची मैदानं आणि गोल्फच्या हिरवळी असल्या जातींवर उभ्या आहेत. म्हणजे तिकडे एका माणसाचं आयुष्य हरळी काढण्यात गेलं, आणि इकडे आमच्या आजोबांचंही हरळी काढण्यातच गेलं.

गंमत इथे संपत नाही. हेच बर्टनसाहेब बाजरीवरही काम करत होते. १९६५ मध्ये आपल्याकडे पहिली संकरित बाजरी आली, एचबी-१. तिचा मादी वाण, टिफ्ट २३ए, त्याच टिफ्टनचा. हे मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिच्यावर पुढं गोसावी पडला." गोसावी म्हणजे बाजरीचा रोग, कणसाच्या जागी नुसता पानांचा झुबका येतो, दाढीजटा वाढलेल्या बैराग्यासारखा. अण्णांना पाहुण्याचं नाव सांगावं आणि त्यांनी त्याची उधारी सांगावी, तसं झालं.

मूळ मुद्दा अंगणाचा. दोन गुंठ्यांचा प्लॉट, घर बांधून उरलेली साडेचारशे चौरस फूट जागा. ती इंग्रजी यूसारखी घराला बिलगलेली: दक्षिणेला आणि पूर्वेला मोकळी, एका कोपऱ्यात आधीच्या मालकाचं आंब्याचं झाड, आणि उत्तरेला घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये आठ फुटांची पट्टी. नवरा फ्लॅटमध्ये वाढलेला. त्याला रिसॉर्टमध्ये असतं तसं लॉन हवं होतं, अनवाणी चालायला. सासूबाईंचं बालपण वाड्यात गेलेलं. त्या म्हणाल्या, "दारात गवत माजवायचं? लोक म्हणतील घरात कोणी राहत नाही."

त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं, पण नंतर मी त्यावर बराच विचार केला. आपल्या भाषेत अंगण सारवलेलं असतं. सडा, रांगोळी, तुळस. दारात गवत उगवलं हे आपण पडक्या घराबद्दल सांगतो. गवताची जागा माळावर, बांधावर, गोठ्यात. गवत पोसायचं ते जनावरासाठी. ज्या गवताला खाणारं तोंडच नाही असं गवत घराभोवती लावायचं, खतपाणी घालून वाढवायचं आणि वाढलं की कापून फेकायचं, ही कल्पना मुळात साहेबाची. त्याच्या देशात पाऊस बारमाही भुरभुरतो, ढगाळ हवेत गवत आपसूक वाढतं, आणि चरायला मेंढ्या असतात. आपण तिथलं चित्र आणलं, पाऊस काही आणला नाही.

चित्र आणलं हे आमच्या बाबतीत अक्षरशः खरं. नर्सरीत जायच्या आधीच्या डिसेंबरात नवऱ्याने ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं होतं. पाकिटावर लाकडी कुंपणाचं पांढरं घर, समोर हिरवागार उतार. त्याने माती भुसभुशीत केली, बी फोकलं, वर शेणखताचा हात फिरवला. मुंग्यांनी त्यांचा वाटा नेला तरी आठव्या दिवशी जमिनीवर अशी काही कोवळी लव आली की मी सुद्धा खाली बसून बघत राहिले. जानेवारीभर शेजारीपाजारी येऊन कौतुक करून गेले. मार्चमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला आणि पंधरा दिवसांत सगळं गवत वाळून पिवळं झालं. पाकीट शोधून मागची बारीक अक्षरं वाचली: राय आणि केंटकी ब्लू. थंड मुलखातली गवतं. पुण्याच्या हिवाळ्याला ती भुलली, एवढंच. विकणाऱ्याला कळवलं तर त्याने पाणी कमी पडलं असेल असं उत्तर दिलं आणि सोबत खताच्या पाकिटाची जाहिरात पाठवली.

म्हणून मे महिन्यात आम्ही शहाणे होऊन नर्सरीत गेलो. नर्सरीवाला खरंच जाणता होता. भाव सांगायच्या आधी त्याने विचारलं: मुलं खेळणार का, कुत्रा आहे का, कापायला कोण येणार, आणि ऊन किती तास येतं. शेवटच्या प्रश्नाला आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हणाला, मग आधी मोजून या.

मी मोजलं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पुढच्या रविवारी सकाळी आठला रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले आणि सावली जिथे संपते तिथे रेघ ओढली. मग दहाला, बाराला, दोनला, चारला. संध्याकाळपर्यंत अंगणभर पांढऱ्या रेघांचा नकाशा झाला. आंब्याखाली सावली पक्की, पूर्व-दक्षिण लख्ख ऊन, आणि आश्चर्य म्हणजे उत्तरेच्या पट्टीतही दुपारी ऊन. भिंतीची सावली पडतच नव्हती. आंब्याखालचा तुकडा सोडला तर सगळीकडे ऊन, असा निष्कर्ष काढून मी कागदावर आराखडा केला आणि नवऱ्याच्या मनासारखं मेक्सिकन घेतलं. आंब्याखालीही तेच लावलं, कारण नवऱ्याला मधेच रंग बदललेला नको होता आणि मला भांडायचं नव्हतं. हरळी नको हा माझा हट्ट त्याने बिनशर्त मान्य केला होता.

मेक्सिकन म्हणून आम्हाला मिळालं ते झॉयसिया जातकुळीतलं. त्याचं माहेर आशिया आणि पॅसिफिकच्या बाजूला, मेक्सिकोशी त्याचा काडीचा संबंध नाही. गवतांच्या नावातले देश हे बेकरीतल्या बिस्किटांच्या नावांसारखे असतात, त्यावर जायचं नाही. गवत मात्र देखणं: दाट, गादीसारखं, वाढ सावकाश म्हणून कापणंही कमी. सावकाश वाढतं याचा दुसरा अर्थ असा की एकदा खड्डा पडला की तो भरायलाही महिनोन्‌महिने घेतं. हे सांगितलं होतं नर्सरीवाल्याने. आम्ही पहिलं वाक्य ऐकलं.

जूनच्या शेवटी तीन इंच थर बसेल एवढी, ब्रासभर लाल माती टाकली, शेणखत मिसळलं, पाणी मारून दाबून घेतलं आणि लाद्या अंथरल्या. पावसाळाभर अंगण असं होतं की घरी आलेला प्रत्येक जण आधी चपला काढायचा. नवरा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यावर चालायचा.

दसऱ्यानंतर उत्तरेची पट्टी विरळ व्हायला लागली. दिवाळीत खालची माती दिसायला लागली. पाणी वाढवलं तर शेवाळ आलं. डिसेंबरमध्ये एका दुपारी बाराला मी तिथे उभी राहिले आणि मला माझी चूक दिसली, अक्षरशः पायाखाली दिसली. मे महिन्यात सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर असतो. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. वर्षात उत्तरेच्या भिंतीला दुपारचं ऊन मिळतं ते एवढंच, आणि त्यातले निम्मे दिवस ढगात जातात. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो, आणि बारा फुटी भिंतीची भरदुपारची सावली अकरा फूट लांब पडते. माझी पट्टी आठ फुटांची. मी वर्षातल्या सगळ्यात खोटारड्या महिन्यात ऊन मोजलं होतं. अंगणातलं ऊन डिसेंबरात मोजावं, हे मला आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

नेमके याच सुमारास अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले. डॉक्टरांनी वाकायचं नाही, माती-धूळ टाळायची असं बजावलेलं. तेव्हा ते व्हरांड्यात काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि नवऱ्याला गवत उपटताना बघायचे. लॉनमध्ये सगळीकडे लांबट, चकचकीत पात्यांचे कोंब येत होते. तो रोज दहा-वीस उपटायचा, दोन दिवसांत तेवढेच परत. तिसऱ्या दिवशी अण्णांना राहवेना.

"जावईबापू, ते गवत न्हाय. लव्हाळा हाय."

त्यांनी काठीने एक दाखवला. म्हणाले, दांडी बोटांत फिरवून बघा. नवऱ्याने फिरवली. गोल नव्हती, तिधारी होती. गवताची काडी बोटांत गोल फिरते, लव्हाळ्याची अडते, बस, एवढीच परीक्षा. मग म्हणाले, खुरप्याने खोल खणा, ओढू नका. वीतभर खाली एक काळपट गाठ निघाली, तिला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ, तिला पुढचा दोरा. जपमाळ ओढून काढावी तसं. वरचा कोंब उपटला की खालच्या गाठी जाग्या होतात. नवरा महिनाभर लव्हाळ्याची मशागतच करत होता. तो आला होता आमच्या त्या विकतच्या लाल मातीतून. एक गाठ फोडून अण्णांनी माझ्या नाकाशी धरली. दिवाळीच्या पहाटेचा वास! उटण्यातला नागरमोथा याच भाऊबंदांतला. सासूबाईंनी चार गाठी वेगळ्या काढून वाळत टाकल्या.

पाण्याची गोष्ट मात्र अण्णांशी बोलायला मला धीर होत नव्हता. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. साडेचारशे चौरस फूट म्हणजे सुमारे बेचाळीस चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरलं तरी दोनशे दहा लिटर. म्हणजे रोज एक टिपाड. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतो. आणि माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन तगलेले. दावणीची बैलजोडी वैरणीविना विकावी लागलेली. एका संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "हितं पाणी किती लागतंय?" मी टिपाडाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "आन् कापलेलं कोन खातं?"

कोणी नाही. काळ्या पिशवीत भरून ओल्या कचऱ्यात जायचं.

मी विचारलं, अण्णा, तुम्ही काय लावलं असतं? त्यांनी आधी मारवेल सांगितलं, मग पवना, मग राहुरीच्या विद्यापीठाचं फुले जयवंत. सगळी वैरणीची गवतं, कमरेच्या वर जाणारी. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुला बसायला पायजे नव्हं? मग हराळीच. दुसरं काय टिकतंय उन्हात?"

खरं तर एवढं मला नर्सरीतच कळायला हवं होतं. जिच्याशी आमच्या तीन पिढ्या लढल्या आणि हरल्या, तिच्याइतकं चिवट दुसरं काय असणार? पाणी नसलं की ती मरत नाही, पिवळी पडून झोपून राहते. तुडवली तरी हरकत नाही. वरून वेल पसरते, खालून काशा. तिचं वैर फक्त सावलीशी. मी निवडक हरळी विकत आणायचं बोलले, तेव्हा अण्णा खुर्चीतून उठलेच. "आगं, पैसं दिऊन हराळी? गावात काय म्हनतील?"

पुढच्या आषाढात ते आले ते खताच्या रिकाम्या पोत्यात भरून हरळी घेऊन. एसटीने, मांडीवर पोतं धरून. आमच्याच खालच्या वावराच्या बांधावरची. कंडक्टरने विचारलं, बाबा, गुळवेल का? यांनी खरं सांगितलं, तर तो बराच वेळ वळून वळून बघत होता म्हणे. आम्ही काशा बोटभर तोडल्या, दोन-तीन पेरं राहतील अशा, आणि वितीवितीच्या अंतराने पूर्व-दक्षिणेच्या उन्हात लावल्या. लावताना अण्णा मधेच थांबले. "लावायला पयल्यांदाच हात लागला बघ हिला," म्हणाले, आणि हातातल्या काशीकडे जरा संशयाने बघितलं.

आंब्याखाली नर्सरीवाल्याच्या सल्ल्याने रुंद पानाचं गवत लावलं. ते उष्ण अमेरिकेतलं, सावली सोसतं, पण पाणी मागतं. कोकणात आणि गोव्यात बागांमधून सुखाने नांदतं. आमच्याकडे ते जेमतेम आहे. आंब्याचा पाला पडतो, तो रोज झाडावा लागतो, नाहीतर खाली गवत कुजतं. या तुकड्याबद्दल मी फार छातीठोकपणे काही सांगणार नाही. उत्तरेच्या पट्टीत काहीही लावलं नाही. तिथे खडी टाकली, वर दोन फरश्या, धुणं वाळत घालायला. आणि तुळशीपुढची चार बाय चार फूट जमीन सासूबाईंनी मागून घेतली. ती रिकामीच आहे. रोज सकाळी तिथे सडा पडतो, रांगोळी उमटते. भोवती उभ्या विटांची एक ओळ लावली, गवताने आत येऊ नये म्हणून.

मेक्सिकनचा एक तुकडा राहिला आहे, व्हरांड्याच्या पायरीशी, सतरंजीएवढा. तो नवऱ्याचा. चहाचा कप घेऊन तो तेवढ्यावरच येरझाऱ्या घालतो.

भाद्रपदात चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई ताटली घेऊन हरळीत बसल्या होत्या. कोवळ्या, तीन पात्यांच्या दूर्वा खुडून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधत होत्या. शेजारच्या काकूही मागायला आल्या, मंडईत फार महाग झाल्या म्हणून. मग वरच्या गल्लीतल्या आणखी दोघी. ते गवत न तुडवता कसं बसावं याची सासूबाई त्यांना शिस्त लावत होत्या. दारात गवत माजल्याची तक्रार त्यांनी त्यानंतर केली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मे महिन्यात मी हरळीला दहा दिवसांतून एकदाच पाणी दिलं. सगळी तांबूस झाली, बिछान्याखालच्या काथ्यासारखी. नवरा म्हणाला, गेलं हेही. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, निजलीय, वळीव पडू दे. वळीव पडला आणि चौथ्या दिवशी काथ्यातून हिरवं टोक आलं. मग दुसरं.

गेल्या आठवड्यात सकाळी सडा टाकायला गेले तर रांगोळीच्या जागी, बरोबर मधोमध, जमीन फोडून एक सुईसारखं टोक वर आलेलं. विटांच्या अलीकडे. मी विटा उचकटून पाहिल्या. खालून, चांगली चार बोटं खोलवरून, पांढरी काशी तुळशीच्या कट्ट्याकडे सरळ रेषेत गेली होती. अण्णांना फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडे आधी काहीच आवाज आला नाही. मग ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"पाटीला दहा पैसं," ते म्हणाले. "वेच आता."